सहावी-सातवीची वर्गपेटी: चाळीस पुस्तकं, सहा घरबोल्या. निवड कशी करायची?

वाचनपेटी_करवीर

मंडळी, कोल्हापूर शहराच्या कडेला असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेसाठी सहावी-सातवीची वर्गपेटी, म्हणजे वर्गात ठेवायची पुस्तकांची पेटी, बांधायचं काम चालू आहे. दोन्ही वर्गांत घरची बोली म्हणाल तर मराठी, दखनी, कन्नड, सिंधी, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आलेल्या कुटुंबांची भोजपुरी-हिंदी, आणि गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांपैकी काहींची गोरमाटी (बंजारा बोली). पैसे चाळीस पुस्तकांचे. वरून सूचना अशी की प्रत्येक समाजाचं एकेक पुस्तक घ्या आणि २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन जोरात करा. हे काही पटत नाही. पण मग निवडीचे निकष काय, एका पुस्तकाच्या किती प्रती, आणि ३५ मिनिटांच्या तासात हे बसवायचं कसं? "वाचनसंस्कृती वाढली पाहिजे" छापाची उत्तरं नकोत, कामाचं सांगा.

तिसरी_घंटा

"प्रत्येक समाजाचं एकेक" हाच पहिला खड्डा. जेम्स बँक्स या अमेरिकन अभ्यासकाने बहुसांस्कृतिक अभ्यासक्रमाच्या चार पायऱ्या मांडल्यात, त्या लावून बघा. पहिली पायरी सण, थोर माणसं, खाद्यपदार्थ. दुसरी, आहे त्या अभ्यासक्रमाला एखादा धडा जोडणं. तिसरीवर तीच घटना वेगळ्या माणसाच्या बाजूने बघितली जाते, म्हणजे मांडणीच बदलते. चौथीवर मुलं त्यावर काहीतरी ठरवतात आणि करतात. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम पहिलीवर सुरू होऊन पहिलीवरच संपतात. वेशभूषा दिन, पदार्थांचं ताट, हातात हात घातलेल्या मुलांचं चित्र, झालं.

पेटीसाठी प्रत्येक पुस्तकाला हे प्रश्न विचारा:

गोष्ट सांगतंय कोण? मुस्लिम मुलगा गोष्टीत आहे, पण त्याच्याबद्दल सगळं दुसराच बोलतोय, तर ते पुस्तक त्याचं नव्हे.

ते पात्र ईद सोडून इतर दिवशी काय करतं? सायकल पंक्चर काढतं का, भावंडाशी भांडतं का, गणितात नापास होतं का?

शेवटी अडचण कोण सोडवतं? "गरीब बिचाऱ्या" मुलाला वर्गातला हुशार मुलगा वाचवतो अशी पुस्तकं ढिगाने आहेत. ती बाजूला ठेवा.

चित्रं बघा. मजकुरात सगळे समान आणि चित्रात ऊसतोड कामगाराचं पोर तेवढं काळं, मळकं, शेंबडं, असं सर्रास असतं.

प्रतींचं म्हणाल तर चाळीस वेगवेगळी शीर्षकं घेऊ नका. चोवीस शीर्षकं एकेक प्रत, आणि चार शीर्षकं प्रत्येकी चार प्रती, म्हणजे सोळा. चौघांचा गट एकच पुस्तक एकाच वेळी वाचतो तेव्हाच त्यावर बोलणं होतं. या चारांपैकी निदान दोन ३२ पानांच्या आतली, एका बैठकीत संपणारी हवीत. टोळीबरोबर आलेलं पोर हंगामाच्या मध्येच येतं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की जातं. त्याच्या हातात क्रमशः कादंबरी देऊन काय उपयोग? स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेकडून मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर वर्ग, पातळी लिहिलेली असते, वाचत असलेलं पुस्तक नसतं.

रंकाळा_टॉवर

एवढे परदेशी सिद्धांत कशाला, राव? हा सगळा विचार कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी झालाय. शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा सगळ्यांसाठी बोर्डिंगं काढली. प्रत्येकाची ओळख जपून शिक्षण. याहून चांगला नमुना कुठला?

दसरा_चौक_४१६

बोर्डिंगांचा दाखला अर्धाच घेतला जातो. १९०१ पासून पुढे जातवार वसतिगृहं निघाली, अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं, हे बरोबर. पण का निघाली? शहरात खेड्यातल्या पोराला खोली मिळत नव्हती आणि अस्पृश्य मुलाला तर कुणी दारात उभं करत नव्हतं. राहण्या-जेवण्याची सोय ज्या-त्या समाजाच्या पुढाकाराने झाली, तरी ती शिक्षणापर्यंत पोचायची वाट होती. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. म्हणजे निवास वेगळे, बाक एकच. वर्गपेटीला याचा सरळ अर्थ असा की "उर्दूवाल्यांचा कप्पा", "कन्नडवाल्यांचा कप्पा" असे कप्पे करू नका. पुस्तकं विषयाने लावा: प्रवास, भांडण, काम, भूत, जनावरं. भुताच्या कप्प्यात चार समाजांची भुतं आली की पोरं आपोआप तुलना करतात.

आणि १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सातवीला मूळ मजकुरासह वाचायला देता येतो. भाषा जुनी आहे, सोबत दहा-बारा शब्दांचे अर्थ द्या. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींच्या गौरवापेक्षा त्या हुकुमात जास्त वाचण्यासारखं आहे.

रंकाळा_टॉवर

बाक एकच, हे मान्य. विषयाने लावायचं हेही पटलं.

वेदगंगा_पल्याड

सीमेवरच्या मुलांबद्दल थोडं तांत्रिक. घरी कन्नड बोलणारं मूल मराठीत कुठे अडखळतं ते आधी कळलं नाही, तर त्याच्या नावापुढे "कच्चा" असा शेरा पडतो आणि मग पेटीतलं पुस्तक ते उघडतच नाही.

लिंग: कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. "ती वही, तो फळा, ते पुस्तक" ही मराठीची तिहेरी विभागणी त्याला पाठच करावी लागते. "माझा पुस्तक" हा आळस नव्हे.

महाप्राण (ह मिसळलेले उच्चार): रोजच्या कन्नडमध्ये ख, घ, भ सैल पडतात. म्हणून वहीत "भात" चा "बात" होतो. श्रुतलेखनाच्या दहापैकी सहा चुका याच एका कारणाच्या असू शकतात. त्या सहा धरू नका, एक धरा.

कर्त्याचा "ने": दखनीत भूतकाळात "ने" नसतो. आणि "मी काम केलो" हे तर सीमाभागात मराठी घरांतही बोलतात. दोन भाषा शेजारी नांदल्या की असं होतंच.

आता सगळ्यात मोठी गफलत. शिक्षक म्हणतात, "बोलतंय की फाडफाड, मग पेपरात काय होतं?" भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. खेळण्या-बोलण्याची दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण इतिहास-विज्ञानाच्या उताऱ्यातली भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. तिसरीत आलेलं भोजपुरी मूल सहावीत तुमच्याशी अस्खलित मराठी बोलेल आणि "खालील उताऱ्याच्या आधारे कारणे लिहा" ला अडकेल. त्याला सोपं पुस्तक देऊ नका. वयाला साजेसा आशय, लहान वाक्यं आणि भरपूर चित्रं असलेलं द्या. सहावीतल्या पोराच्या हातात पहिलीचं पुस्तक दिसलं की वर्ग हसतो, आणि मग ते मूल पेटीकडे फिरकत नाही.

वाचनपेटी_करवीर

हे फार कामाचं. मातृभाषेची माहिती जनरल रजिस्टरवरून घ्यायची ठरवली होती.

वेदगंगा_पल्याड

रजिस्टरात एकच रकाना असतो. दखनी बोलणारं घर तिथे "उर्दू" लिहितं, कन्नड बोलणारं घर पुष्कळदा "मराठी" लिहून मोकळं होतं. त्याऐवजी जूनमध्ये एका तासात भाषा-नकाशा करून घ्या. अर्ध्या कागदावर सहा रकाने: आजी-आजोबांशी, आईशी, भावंडांशी, बाजारात, प्रार्थनेत, मोबाईलवर. मराठी घरातलं पोरही भरतं, आणि तिथेच गंमत असते. त्याच्याही सहा रकान्यांत तीन भाषा निघतात. कागदावर नाव लिहायला लावू नका. तुम्हाला वर्गाचा अंदाज हवाय, कुणाची नोंद नकोय.

हलगी_घुमक

बोलीतल्या गोष्टींबद्दल कोणच काही बोलंना, म्हणून लिहितो.

कोल्हापुरी बोलीतला उतारा वर्गात वाचला की पोरं हसतात. गोष्ट रडायची असली तरी हसतात. कारण टीव्हीत, सिनेमात ही बोली बहुतेकदा विनोदी गडी नाहीतर पैलवान बोलतो. शिक्षक पण वाचताना आवाज चढवून "गावठी" करतात, मग तर संपलंच. उपाय साधा आहे. असा उतारा घ्या ज्यात निवेदनसुद्धा बोलीत आहे, नुसते संवाद नाहीत. निवेदन प्रमाण आणि संवाद बोली, या मांडणीत लेखक शहाणा आणि पात्र अडाणी असं न सांगता सांगितलं जातं. वाचन तीनदा: आधी शिक्षक, अगदी सपाट, बातम्या वाचल्यासारखं. मग गट. मग जोडीने. तिसऱ्या वाचनाला हसू थांबतं.

आणि गुण. दहा गुणांच्या लेखनाला आशय ५, मांडणी ३, शुद्धलेखन २ असं आधीच फळ्यावर लिहा. अवतरणचिन्हात बोली आली तर त्याचे गुण कापायचे नाहीत, हेही लिहा. नाहीतर तोंडाने "तुमच्या बोलीत लिहा" म्हणायचं आणि लाल पेनाने सगळं "सुधारायचं", असा प्रकार होतो. पोरं शहाणी असतात, दुसऱ्या वेळी कोण लिहीत नाही.

जाता जाता: कोल्हापूरची ओळख म्हणून तांबडा-पांढरा आणि कुस्तीचं चित्र भिंतीवर लावायची लई हौस असते. वर्गातली जैन आणि लिंगायत घरं त्या रश्शात कुठं बसतात, ते पण बघा.

तिसरी_घंटा

हलगी यांच्या गुणदानाला एक पुरवणी. हे आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) बसवा. सहावीला आकारिक ५०, सातवीला ४० टक्के आहेच, आणि साधनतंत्रांत तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प येतात. संकलितच्या (सत्रअखेरच्या) पेपरात हात घालायला गेलात तर कुणी परवानगी देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पुढे नववी-दहावीच्या कृतिपत्रिकेत "स्वमत" असतंच. दोन बाजू मांडायची सवय इथे लागली तर तिथे उपयोगी पडते.

फाळणी_ते_गांधीनगर

सिंधी मुलांसाठी पुस्तक शोधणार असाल तर आधी लिपीचं बघा. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत आणि देवनागरीत, दोन्हींत लिहितात. गांधीनगरच्या, म्हणजे कोल्हापूरजवळच्या सिंधी वसाहतीतल्या, आजच्या पोरांपैकी बरीच दोन्हींत सिंधी वाचत नाहीत, हिंदी आणि इंग्रजी वाचतात. सिंधी पुस्तक आणून पेटीत ठेवलं तर ते शोभेचं होईल. त्यापेक्षा गांधीनगर हाच विषय घ्या.

वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून नेलेली, मग इराणमार्गे भारतात आलेली. छावणीत त्यांच्या पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. दोन विस्थापनं, एकच जागा, आणि आजूबाजूला तेच वळिवडे गाव. बँक्सच्या तिसऱ्या पायरीला याहून चांगलं साहित्य कोल्हापुरात मिळणार नाही. चार तास पुरतात:

पहिला तास नकाशा. पोलंड, सायबेरिया, इराण, भारत. दोऱ्याने रस्ता लावा, अंतर पट्टीने मोजून प्रमाणावरून काढा. भूगोलाच्या शिक्षकांना घ्या सोबत.

दुसरा तास पेटी. बारा वर्षांच्या पोलिश मुलीच्या पेटीत सात वस्तू कोणत्या? गटाने यादी करायची आणि प्रत्येक वस्तूपुढे कारण. पहिल्या यादीत मोबाईल चार्जर येतो, येऊ द्या, दुसरा गटच तो खोडतो.

तिसरा तास तीन तोंडं. एक सकाळ, बराकीचं एक दार. ती सकाळ तिघांनी सांगायची: छावणीत दूध घालणारी वळिवड्याची बाई, पोलिश मुलगी, आणि काही वर्षांनी त्याच दारात उभं राहिलेलं सिंधी पोर. एका गटाला एकच तोंड.

चौथा तास लेखन, प्रत्येकी बारा ओळी, मग तिन्ही सलग वाचायच्या. दूधवाल्या बाईचं सगळ्यात अवघड जातं. पोरं तिला लगेच दयाळू करून टाकतात. तिला विचारायला लावा: दुधाचा भाव काय लावला? पैसे कुठल्या भाषेत मागितले? परत घरी जाऊन शेजारणीला काय सांगितलं?

बिघडतं कुठे, तर दोन ठिकाणी. एक, जामनगरजवळची बालाचडी छावणी आणि वळिवडे यांची सरमिसळ होते. तिथे नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी आसरा दिलेली मुलं होती, ती छावणी वेगळी. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात दोन्ही एकच करून टाकलेत. दोन, शिक्षक वर्गातल्या सिंधी मुलाला उभं करतात: "तुझ्या आजोबांची गोष्ट सांग." त्याला ती माहीत नसते, किंवा घरात ती बोलली जात नसते. सगळ्या वर्गाला खुलं आवाहन करा, कुणी स्वतःहून आणली तर आणली.

दसरा_चौक_४१६

हा शेवटचा मुद्दा दलित आत्मकथनांच्या उताऱ्यांना दुप्पट लागू आहे. उतारा संपला की मधल्या सुट्टीत "तुम्ही तेच काय?" हा प्रश्न येतोच. तो येणार हे धरून चाला. उतारा मोठ्याने शिक्षकांनीच वाचायचा, मुलांत वाटून द्यायचा नाही. जातिवाचक शिवी मजकुरात असेल तर ती गाळून पुढे जाण्यापेक्षा आधी दोन मिनिटं सांगायचं की हा शब्द कोण कुणासाठी वापरत होतं आणि आज कायद्याने काय आहे. "तुमच्या घरी असा अनुभव?" हा प्रश्न स्वाध्यायात अजिबात नको. त्याऐवजी पात्रांच्या कृतीवर प्रश्न: इथे गप्प कोण राहिलं? त्यांना काय करता आलं असतं?

आणि दुःखाचाच उतारा एकटा देऊ नका. त्याच आठवड्यात माणगाव परिषद घ्या. २१-२२ मार्च १९२०, आपल्या हातकणंगले तालुक्यात, डॉ. आंबेडकर अध्यक्ष आणि शाहू महाराज हजर. त्यात दलित माणूस सोसणारा नाही, सभा भरवणारा आहे. मांडव, पाहुणे, भाषणं, जेवणावळ, या सगळ्याच्या कामांची यादी मुलांना करायला सांगा. परिषद कुणीतरी उभी करावी लागते, हे त्या यादीतून कळतं.

रंकाळा_टॉवर

मराठी साहित्य मुळात एका धर्माचं कधी नव्हतंच, हे पण कुठेतरी यायला हवं ना? फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीबद्ध. श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांचा योगसंग्राम.

तिसरी_घंटा

जरूर यावं, पण नुसती नावं भिंतीवर लिहिली तर परत पहिलीच पायरी. सातवीला दोन-चार ओव्या ताला-चालीत म्हणायला द्या, लेखकाचं नाव झाकून. कुणी लिहिल्या असतील यावर अंदाज बांधू द्या, मग नाव उघडा.

संयोजक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. तिसरी भाषा कोणती असावी आणि बेळगाव कुणाचं, यासाठी दुसरे धागे आहेत. इथे पेटी.

पानजुळणी

पुस्तकं विकतच घ्यायची असं कुठंय? दोन भाषांचं पुस्तक वर्गात बनतं. चार ए-फोर कागद एकात एक घालून मध्ये दुमडले की सोळा पानं. बाहेरची चार मुखपृष्ठ-मलपृष्ठाला सोडा, बारा उरतात, म्हणजे समोरासमोरच्या पाच जोड्या आणि सुरुवातीला-शेवटी एकेक सुटं पान. डावीकडे घरची बोली, उजवीकडे मराठी, एका पानावर जास्तीत जास्त पाच ओळी आणि खाली चित्र. गोष्ट आजीकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायची, तीन मिनिटांच्या वर नको. तीन मिनिटांचं बोलणं लिहायला सहावीच्या पोराला दोन तास लागतात.

दखनी, भोजपुरी, गोरमाटी देवनागरीत बिनधास्त लिहा. कन्नड देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांचा घोळ होतो, कारण कन्नडमध्ये ते वेगळे आहेत आणि आपल्याकडे चिन्ह एकच. पालकांपैकी कुणी कन्नड लिपी लिहिणारं असेल तर ते पान त्यांच्याकडून लिहून घ्या. मराठीचं पान मात्र पोरानेच लिहायचं. शिक्षकांनी "सुंदर" करून दिलं की सगळी पुस्तकं एकाच आवाजात बोलतात.

वाचनपेटी_करवीर

उत्तम. एका आजींनी उर्दू लिपीत लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे, मग समोरासमोरच्या पानांचं काय? आणि गेल्या वर्षीची पुस्तकं पावसाळ्यात पिनांपाशी गंजून फाटलीत, त्यालाही काही सुचवा.

पानजुळणी

उर्दूसाठी समोरासमोर नकोच. मुखपृष्ठं दोन करा. एका बाजूने उघडलं की मराठी, उलट बाजूने उघडलं की उर्दू, आणि दोन्ही गोष्टी मधल्या जोडपानावर भेटतात. मधल्या जोडपानातलं एकेक धरून प्रत्येकीला सहा-सहा पानं येतात. मधल्या जोडपानावर एकच मोठं चित्र, अक्षर नाही. पानांचे आकडे दोन्हीकडून स्वतंत्र टाका, आणि शिवायच्या आधी कच्ची घडी घालून क्रम तपासा. लिहून झाल्यावर पान उलटं लागलंय हे कळलं तर सगळं परत लिहावं लागतं.

पिना मारूच नका. घडीवर दाभणाने तीन भोकं, मधलं बरोबर मध्यावर, बाकीची दोन कडेपासून साधारण चार सेंटिमीटर आत. जाड सुती दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि घडीच्या लांब टाक्यावर गाठ. दोऱ्याला आधी मेण चोळलं तर ओल कमी धरतो. पेटी पत्र्याची असेल तर जमिनीवर नको, दोन विटांवर ठेवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की झाकण उघडं टाका. विकतची घेताना पण मधोमध पिनांची सोडून शिवलेल्या बांधणीची बघा. दुकानदाराला "शिवण दाखवा" म्हटलं की तो समजतो.